त्यांचं तारण म्हणजे आपली लाज

मोबाईलवरच्या झटपट कर्जाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं: व्याज हराम आहे, घेतलंच कशाला? वाक्य खरं आहे. पण ज्याचा फोन सकाळपासून थांबलेला नाही, त्याने ते ऐकून करायचं काय?

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून हा धंदा आतून कसा चालतो ते सांगतो. समजा, ॲपने ५००० रुपये मंजूर केले. 'प्रोसेसिंग फी' कापून हातात ३२०० आले आणि सातव्या दिवशी पूर्ण ५००० परत मागितले. ३२०० वर आठवड्याला १८००, म्हणजे ५६ टक्के. मोहल्ल्यातला सावकारही एवढं मागायला कचरेल. नाही भरले, तर तेच लोक दुसऱ्या ॲपची लिंक पाठवतात, नाहीतर मुदतवाढीचे पैसे घेतात. मुद्दल जागचं हलत नाही.

बिनतारणी कर्ज म्हणतात याला. साफ खोटं! परवाना नसलेला हा माणूस वसुलीसाठी कोर्टाची पायरी चढणार नाही, म्हणून त्याने तारण आधीच घेतलेलं असतं. इन्स्टॉल करताना आपण 'अलाऊ' दाबतो, तेव्हा कॉन्टॅक्ट लिस्ट आणि गॅलरी त्याच्या सर्व्हरवर पोहोचते. ॲप डिलीट केलं तरी ती तिथून जात नाही. मग अब्बांना, सासऱ्यांना, ऑफिसातल्या साहेबांना मेसेज जातात. बहिणीचा फोटो बिघडवून फिरवला जातो. तारण म्हणजे आपली लाज.

हे रोखणारे नियम नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये तपासलेल्या सुमारे ११०० कर्ज-ॲप्सपैकी ६०० बेकायदा निघाली. २०२२ पासून तिच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले कॉन्टॅक्ट आणि कॉल लॉग बघता येत नाहीत, आणि सगळा खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी द्यावा लागतो. पण व्हॉट्सॲपवरून आलेली ॲपची फाईल कोणते नियम पाळणार?

यातून बाहेर पडायचं तर पहिली गोष्ट घरात सांगायची. वसुलीवाल्याआधी आपणच अम्मी-अब्बांना, दोन मित्रांना, ऑफिसात सांगून टाकायचं की असे मेसेज येतील. त्यानंतर धमकीत फारसा दम राहत नाही. ॲप काढण्याआधी स्क्रीनशॉट आणि पैशांच्या नोंदी जपायच्या, १९३० वर किंवा सायबर पोलिसांकडे तक्रार करायची. धमकावून पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात 'तू घेतलेस ना, मग भर' म्हणाले तर हा आकडा सांगा. एका ॲपचं फेडायला दुसरं घ्यायचं नाही. कर्ज नोंदणीकृत कंपनीचं असेल तर मात्र ते देणं आहे. तिच्याशी बोलून हप्ते पाडून घ्या, त्रास झाला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

आता खरा राग. कुरआनने जकातीचे आठ हकदार सांगितलेत आणि त्यात कर्जात बुडालेला माणूस आहे. तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्या, असंही सांगितलंय. मी पाहिलेल्या जकातीच्या फॉर्मवर विधवा, यतीम, आजार, शिक्षण असे रकाने होते. कर्जदाराचा नव्हता! डिलिव्हरी करणारा तेवीस वर्षांचा, धडधाकट मुलगा आपल्याला गरजू वाटतच नाही. तो मशिदीत शेजारी उभा राहतो आणि हात पसरायला ॲपकडे जातो, कारण ॲप 'कशाला हवेत?' विचारत नाही.

देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासून बिनव्याजी कर्ज देतोय, म्हणजे ही काही नवी कल्पना नाही. महिनाअखेरीला तीन-चार हजार कर्ज-ए-हसना देणारी पेटी प्रत्येक जमात चालवू शकते. वर्गणीतून भरा, वहीत लिहा, नावं बाहेर जाऊ देऊ नका. जकात मात्र या टोळ्यांच्या खात्यात भरू नका. तिने त्या मुलाचं थकलेलं भाडं द्या, नोंदणीकृत कंपनीचं देणं फेडा.

ट्रस्टी म्हणतील, पैसे बुडतील. काही बुडतीलही. जल्शाच्या मंडपावर दरवर्षी किती जातात, ते त्यांना त्याच बैठकीत विचारा.