तीन फुटांची वायर

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. मुद्दा एका वाक्यात असा: जे यंत्र जागचं हलत नाही, ज्याला भिंतीतल्या प्लगची वायर लागतेच आणि ज्याच्यापासून तीन फुटांवर कॉम्प्युटर ठेवलेला असतो, त्या यंत्राने कॉम्प्युटरशी फक्त हवेतूनच बोलावं हा हट्ट मला पटत नाही.

मी बोलतोय घरात सायकल चालवायच्या स्मार्ट ट्रेनरबद्दल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सायकलचं मागचं चाक काढायचं, चेन ट्रेनरच्या कॅसेटवर चढवायची आणि पेडल मारायला लागायचं. आत एक जड फ्लायव्हील असतं आणि चुंबकाचा ब्रेक असतो. तुम्ही किती वॅट ताकद लावताय ते ट्रेनर मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. समोर झ्विफ्टसारखं सॉफ्टवेअर चालू असेल तर पडद्यावर चढ आला की कॉम्प्युटर उलट निरोप पाठवतो आणि ट्रेनर ब्रेक आवळतो. म्हणजे संभाषण दोन्ही बाजूंनी. हे संभाषण तुटलं की एवढ्या महागाचं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड.

"हे चोचले कशाला, बाहेर रस्त्यावर जा की" असं म्हणणारे असतीलच. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणायचे हे मीही घरच्या मोठ्यांकडून ऐकून आहे. पण पावसाळ्यात पहाटे साडेपाचला, अंधारात, पाण्याखाली लपलेले खड्डे चुकवत सायकल हाणायची माझी तरी तयारी नाही. साडेसातला कंपनीची बस असते. रात्री आठपर्यंत मीटिंगा. दिवसातला तेवढा एकच तास माझा स्वतःचा, आणि प्रश्न त्या तासाचा आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा ट्रेनर जवळजवळ सव्वा महिना दर दहा-बारा मिनिटांनी गायब व्हायचा. पडद्यावरचे वॅट एकदम शून्य, पडद्यावरचा मी रस्त्याच्या कडेला पाय टेकवून उभा, आणि खरा मी घामाघूम होऊन पेडल मारतोय! कंपनीच्या मदतकेंद्राला (नाव घेत नाही) लिहिलं, तर उत्तर ठरलेलं: "आपल्या घरातील वायरलेस वातावरण तपासावे." वातावरण! म्हणजे मी काय हवामान खातं आहे? :-)

असो. वातावरण म्हणजे नक्की काय ते बघूया, कारण त्यातच सगळी मेख आहे.

ट्रेनर दोन भाषांत बोलतात, अँट प्लस आणि ब्लूटूथ. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. याच पट्ट्यात वायफाय आहे, वायरलेस माऊस आहे, हेडफोन आहेत आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच जवळपास, २.४५ वर चालतो. ब्लूटूथ या पट्ट्याचे चाळीस तुकडे करतं आणि एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतं; जिथे गर्दी असेल तो तुकडा टाळतं. अँट प्लसचं तसं नाही. त्याची सायकलची आणि हृदयाच्या ठोक्यांची उपकरणं २४५७ मेगाहर्ट्झला धरून बसतात. आता गंमत बघा. वायफायच्या ११ नंबरच्या चॅनेलचा मध्य २४६२ वर असतो आणि ते दोन्ही बाजूंना साधारण दहा-दहा मेगाहर्ट्झ पसरतं. म्हणजे २४५७ बरोबर त्याच्या पोटात. त्यात ट्रेनर बोलतो साधारण एक मिलिवॅट ताकदीने आणि राऊटर ओरडतो शंभर मिलिवॅटने. लग्नाच्या हॉलमध्ये बँड चालू असताना कुणी कानात काही सांगू पाहतंय, तशातला प्रकार.

दुसरं कारण कॉम्प्युटरच्या आतलंच. यूएसबी ३ च्या वायरीतून माहिती इतक्या वेगाने पळते की तिचा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो. ही काही ऐकीव गोष्ट नाही, खुद्द इंटेलने २०१२ साली मोजमापं घेऊन यावर कागद लिहिला आहे. म्हणजे लॅपटॉपच्या एका भोकात हार्डडिस्क आणि शेजारच्याच भोकात अँट प्लसचा डॉंगल असेल, तर डॉंगल जवळजवळ बहिरा. तिसरं कारण तुम्ही स्वतः. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त आणि पाणी या लहरी शोषतं. ट्रेनर आणि लॅपटॉपच्या मध्ये तुमचा देह आला की सिग्नल आणखी मऊ.

माझ्याकडे शेवटी दोन गोष्टी निघाल्या, वरच्या मजल्यावरचा ११ नंबरवरचा राऊटर आणि डॉंगलशेजारची हार्डडिस्क. उपाय निघाला शे-दीडशे रुपयांची यूएसबी एक्स्टेंशन केबल. डॉंगल लॅपटॉपवरून काढून ट्रेनरच्या पायाशी नेऊन ठेवला. अंतर दोन मीटरवरून वीस सेंटिमीटरवर आलं, म्हणजे दहापट कमी. मोकळ्या हवेत सिग्नलची ताकद अंतराच्या वर्गाने बदलते, म्हणजे दहा गुणिले दहा, शंभरपट वाढ. राऊटरची आणि ट्रेनरची ताकद यांत शंभरपटीचाच फरक होता, तो एका वायरीने भरून निघाला. तेव्हापासून एकदाही खंड नाही.

आता या गोष्टीतला विनोद लक्षात घ्या. वायरलेस यंत्र चालावं म्हणून मी वायर विकत आणली!

इथे कुणी म्हणेल, झालं ना काम, मग तक्रार कसली? तक्रार अशी की हे शोधून काढायला मला इंजिनीअरिंगची डिग्री आणि सव्वा महिन्याच्या पहाटा लागल्या. खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत यातलं एक अक्षर नव्हतं. जो माणूस बँकेत आहे, दवाखान्यात आहे, ज्याने वजन उतरवायला किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हे यंत्र घेतलं, तो काय करणार? तो दोन आठवडे झगडतो, "आपल्यालाच जमत नाही" असं म्हणतो आणि ट्रेनरवर टॉवेल वाळत घालायला लागतो. असे टॉवेलवाले ट्रेनर मी ओळखीतल्या तीन घरांत पाहिले आहेत. हरलेला माणूस कंपनीशी भांडत नाही, तो स्वतःलाच दोष देतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

आणि कायद्याची बाजू बघा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा झाला. चांगलंच झालं, त्याशिवाय घरोघरी वायफाय आलं नसतं. पण मोकळं म्हणजे काय? तर सगळ्यांनी वाटून वापरायचं, दुसऱ्याला अडथळा आणायचा नाही, आणि आपल्याला अडथळा आला तर संरक्षण मागायचं नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकांकडे जाऊन मी "तुमच्या राऊटरमुळे माझी सायकल थांबते" असं हक्काने म्हणू शकत नाही. ते त्यांच्या हक्काचंच वापरताहेत. ही सार्वजनिक विहीर आहे, पाणी फुकट पण हमी कुणाचीच नाही. मग माझा प्रश्न असा: जी कंपनी हमी नसलेल्या विहिरीच्या भरवशावर माझ्याकडून लॅपटॉपच्या किमतीएवढे पैसे घेते, तिने घरात एक नळ द्यायला नको? विहीर आटली तर तुमची जबाबदारी, हा कुठला न्याय?

बरं, नळही किती छोटा पुरतो ते सांगतो. अँट प्लस सेकंदाला साधारण चार वेळा आठ-आठ बाइट पाठवतं. म्हणजे सेकंदाला ३२ बाइट आणि तासाला सुमारे ११५ किलोबाइट. सकाळी काकालोक गुड मॉर्निंगचं फूल पाठवतात ना, जवळपास तेवढं! जुन्या कॉम्प्युटरांच्या मागे ९६०० च्या वेगाचा सीरियल पोर्ट असायचा, त्यातूनही याच्या तीसपट माहिती गेली असती. म्हणजे अडचण तंत्रज्ञानाची नाहीच.

शिवाय कुणी केलंच नाही असंही नाही. वाहू कंपनीच्या किकर ट्रेनरच्या २०२० च्या मॉडेलला इथरनेट केबल लावायची सोय आली. फक्त त्याचं जोडयंत्र वेगळं विकत घ्यायचं होतं. म्हणजे भरवसा हवा असेल तर वरचे पैसे. गाडीबरोबर ब्रेक वेगळा घ्यायला लावल्यासारखं आहे हे.

विरुद्ध बाजूचंही म्हणणं ऐकूया. वायरीत पाय अडकतो, घामाने सॉकेट गंजतो, आणि बरेच लोक फोन किंवा टॅबवर चालवतात, तिथे वायर लावणार कुठे? यातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. म्हणून वायरलेस काढून टाका असं मी म्हणतच नाही. पण पाय अडकण्याचं म्हणाल तर विजेची वायर तिथे आधीच लोळतेय, आणि घामापासून तो सॉकेट वाचवता येतो तर दुसराही येईल.

आता थोडं आपल्याच जमातीबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांबद्दल. या प्रकारात दोन वेगवेगळे दुवे असतात. एक ट्रेनर ते कॉम्प्युटर, दुसरा कॉम्प्युटर ते इंटरनेट. झ्विफ्टवर ओळखायची खूण सोपी आहे. तुमचे वॅट शून्य झाले पण बाकीचे लोक पळताहेत, तर पहिला दुवा तुटला. तुम्ही पळताय पण बाकीचे सगळे नाहीसे झाले, तर दुसरा. एवढं साधं निदान सॉफ्टवेअरला स्वतःहून सांगता येत नाही का? "सिग्नल नाही" एवढंच लिहून मोकळं व्हायचं! गेल्या मिनिटात किती पाकिटं हरवली, सिग्नल किती क्षीण आहे, ट्रेनर फोनमधल्या दुसऱ्याच ऍप्लिकेशनने तर धरून ठेवला नाही ना, हे सगळं दाखवता येतं. आपण आपल्या सर्व्हरसाठी असले तक्ते रोज बघतो. सर्व्हर बंद पडला तर आपल्याला रात्री दोनला उठवतात, मग घामाघूम माणसालाच का अंधारात ठेवायचं?

आणि एक गोष्ट काळाची. लोखंडाचं हे धूड पंधरा वर्षं सहज टिकेल. पण गार्मिनने जून २०२५ अखेर अँट प्लसच्या नवीन उपकरणांना प्रमाणपत्र देणं बंद केलं. जुनी उपकरणं लगेच बंद पडणार नाहीत, पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते दिसतं. ब्लूटूथमध्ये व्यायामाच्या यंत्रांसाठी २०१७ पासून खुलं प्रमाण आहे, ते पाळणारा ट्रेनर कुठल्याही सॉफ्टवेअरबरोबर चालू शकतो. हवेतल्या भाषा बदलत राहणार. म्हणूनच एखादं तरी साधं भोक त्या यंत्राला हवं.

तेव्हा मंडळी, ट्रेनर घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला वॅट आणि चढाचे टक्के विचाराच, पण आणखी दोन प्रश्न विचारा. याला वायर लागते का? आणि हा खुलं प्रमाण पाळतो का? दुकानदार गोंधळेल, हरकत नाही. दहा जणांनी विचारलं की तो वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला. ज्या गोष्टी कुणी मागत नाही त्या मिळत नाहीत, हे आपल्याला रिलीजच्या मीटिंगांमधून चांगलंच माहीत आहे.

असो, पुरे झालं. उद्या सोमवार आहे.