चार दिवसांच्या सहलीसाठी

सहलीचा छोटा ट्रेलर ओढायचा तर अवजड एसयूव्हीच हवी, असे मानणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये मात्र साध्या कौटुंबिक मोटारीही असे ट्रेलर ओढतात. ट्रेलरचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे, असा नवशिक्यांना तेथे सल्ला असतो. मोटरवेवर वेगाची मर्यादाही ताशी ६० मैल आहे.

शिवाय जाहिरातीतील ओढशक्तीचा आकडा पुरता बोलका नसतो. अमेरिकी पद्धतीप्रमाणे ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार मोटारीच्या मागील जोडावर येतो. म्हणजे एक हजार किलोच्या ट्रेलरबरोबर जणू दोन माणसेच गाडीत बसतात. प्रवासी व सामान यांच्या भारात हा भार मिळवल्यावाचून निवड करणे धोक्याचे होय.

हौसेला मोल नसते, हे खरे. पण इंधनाला असते, आणि धुराचे मोल तर शेजाऱ्यालाही द्यावे लागते. एरवी वर्षभर एकट्याने कचेरी गाठण्यासाठी वापरायचे वाहन चार दिवसांच्या सहलीवरून ठरवणे शहाणपणाचे नव्हे. ट्रेलर हलका घ्यावा, वेग आवरावा. मोठे वाहन लागलेच, तर ट्रेलर ओढण्याची मुभा असलेले भाड्याने आणावे. वऱ्हाड येणार म्हणून कोणी मंगल कार्यालयाएवढे घर बांधत नाही.