काकाकुव्याची चोच

आमच्या पुतण्याला पांढरा काकाकुवा घ्यायचाय. दुकानातल्या पिल्लाने तुरा उभारून मान डोलावली आणि स्वारी विरघळली! माझं मत स्पष्ट आहे : डोलणं बघू नका, चोच बघा.

पिसं पूर्ण आलेल्या निरोगी काकाकुव्याच्या अंगावर पिठासारखी भुकटी असते. हात फिरवला की तळव्याला लागते, आणि तिच्यामुळेच काळी चोच राखाडी दिसते. काळीभोर, चकचकीत चोचीचं दुकानदार कौतुक करतो. मला तिथेच शंका येते. चोच-पिसांच्या विषाणूरोगात ही भुकटी कमी होते, पिसं वेडीवाकडी येतात. (रोग जास्त करून पिल्लांनाच.) त्यावर औषध नाही, आणि पुतण्याकडे आधीच दोन लव्हबर्ड आहेत, त्यांनाही लागण व्हायची.

शिवाय पक्षी आजार लपवतात. वरून ठणठणीत पिल्लातही विषाणू असू शकतो, म्हणून रक्ताची पीसीआर तपासणी हवीच. खर्चाचं काय घेऊन बसलात, हा पक्षी ४० वर्षं सहज जगतो! आणि अजून सिरिंजने भरवावं लागणारं पिल्लू तर घेऊच नये. नवख्याच्या हातून घास श्वासनलिकेत जातो.

दुकानदार तपासणीला नको म्हणाला तर पैसे खिशात ठेवून घरी यायचं, असं मी बजावलंय. पुतण्या रुसलाय. रुसू दे.