सेकंड हँड डर्ट बाईक घेताय? ती चोरीची नाही हे कसं तपासाल?

जुनी हिरो एक्सपल्स किंवा रॉयल एनफिल्ड हिमालयन घेत असाल, तर काम तुलनेनं सोपं आहे. या गाड्यांची आरटीओकडे नोंद असते. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की तपशील दिसतात, आणि आरसीवरचा चेसिस नंबर फ्रेमवर कोरलेल्या नंबराशी ताडून पाहता येतो.

खरी अडचण आहे कावासाकी केएक्स, सुझुकी आरएम-झेड अशा डर्ट बाईकची. त्या रस्त्यावर चालवायला परवानगीच नाही, म्हणून नंबर प्लेट नाही आणि आरसीही नाही. "ऑफ-रोड गाडीला कागद नसतातच," असं विकणारा सांगतो. ते अर्धंच खरं. आरसी नसली तरी शोरूमचं बिल असतं. हरवलं असेल तर मूळ डीलरकडून प्रत आणायला सांगा. टाळाटाळ झाली, तर सौदा सोडलेला बरा.

बिलावरचा चेसिस नंबर फ्रेमशी जुळायला हवा. तो 17 अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. त्या जागेवर घासल्याच्या खुणा किंवा तेवढाच ताजा रंग दिसला, तर सावध व्हा.

मग एनसीआरबीच्या 'वाहन समन्वय' सेवेत तो नंबर शोधा. मात्र तिथे पोलिसांकडे नोंद झालेल्याच चोऱ्या सापडतात.

गाडी चोरीची निघाली तर ती जप्त होतेच. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 नुसार, चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिलाशिवाय, रोखीनं, निम्म्या किमतीत घेतलेली गाडी असेल, तर पोलिस पहिला प्रश्न त्या किमतीबद्दलच विचारतील.