‘मॉर्निंग आफ्टर’ गोळी : समज, गैरसमज आणि घड्याळ



२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’चा निकाल रद्द केला आणि गर्भपाताचे कायदे राज्यांच्या हाती गेले. तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत एक प्रश्न अधूनमधून निघतो : मग ‘प्लॅन बी’ही बंद झाली का?

नाही. ती गर्भपाताची गोळी नाहीच. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. भारतातल्या ‘आय-पिल’मध्येही तेच. स्त्रीबीज बाहेर पडणं ती लांबवते. गर्भ रुजला असेल तर तिचा उपयोग नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन वापरतात, ते औषधच निराळं. हा गोंधळ दूर व्हावा म्हणून एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये ‘प्लॅन बी’चं माहितीपत्रक बदललं. गर्भपातबंदी असलेल्या टेक्सासमध्येही ती मिळते. २०१३ पासून वयाची अट नाही, प्रिस्क्रिप्शन लागत नाही.

मात्र मर्यादा समजून घ्यायलाच हव्यात :

- ७२ तासांच्या आत घ्यायची; जितकी लवकर तितकी बरी. स्त्रीबीज आधीच बाहेर पडलं असेल तर भरवसा नाही.
- वजन जास्त असल्यास (साधारण ७५ किलोच्या पुढे) परिणाम कमी होऊ शकतो. क्षयाच्या रिफॅम्पिसिनमुळे आणि फिट्सच्या काही औषधांमुळेही होतो.
- दोन तासांत उलटी झाली तर फार्मासिस्टला विचारावं, पुन्हा घ्यावी लागू शकते.
- पुढच्या संबंधांना संरक्षण नाही. गुप्तरोग, एचआयव्हीपासून तर अजिबात नाही.
- पाळी आठवडाभर लांबली तर टेस्ट करावी.

तीन दिवस उलटले असतील तर युलिप्रिस्टल (‘एला’) पाच दिवसांपर्यंत चालते, पण अमेरिकेत तिला प्रिस्क्रिप्शन लागतं. सर्वात खात्रीची म्हणजे पाच दिवसांत डॉक्टरांकडून बसवलेली तांबी.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, हा बॅकअप आहे, रोजची सिस्टीम नव्हे. पण बॅकअप कुठे ठेवलाय हे घरात सगळ्यांना माहीत हवं. आपल्या घरांत हा विषय निघाला की टीव्हीचा आवाज वाढतो. उद्या कॉलेजला गेलेली मुलगी ‘आईला कसं सांगू’ या विचारात दोन दिवस घालवेल, तर ७२ पैकी ४८ तास आपल्या संकोचानेच खाल्ले म्हणायचे. मुलग्यांनाही हे सांगायला हवं. जबाबदारी दोघांची आहे.

तेव्हा या वीकएंडला, चहाच्या वेळी, विषय काढून तर बघा.