दिवे बंद करा म्हणणाऱ्यांनो, आमचा कूलर बघा

१४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. शाळेत असताना आम्ही त्या दिवशी शपथ घ्यायचो, रांगोळी काढायचो, आणि वक्तृत्व स्पर्धेतला प्रत्येक जण 'वीज वाचवणे म्हणजेच वीज निर्माण करणे' हे वाक्य टाळ्यांसाठी शेवटी ठेवायचा. डिसेंबर! गडचांदुरात डिसेंबरमध्ये स्वेटर लागतो. पंखा बंद असतो, कूलर गोणपाटात गुंडाळून पडवीत उभा असतो. ज्या महिन्यात घरात वाचवण्यासारखी वीजच नसते, नेमक्या त्या महिन्यात आम्हाला ती वाचवायला शिकवलं गेलं. आणि मे महिन्यात, पारा ४६-४७ च्या घरात असताना, शाळेला सुट्टी.

गेल्या मे महिन्यात मी पुण्याहून घरी आलो तेव्हा एक छोटा प्लग-मीटर सोबत आणला होता. उपकरण किती वॅट खातंय ते दाखवणारं साधं यंत्र. घरातलं एकेक उपकरण त्याला लावत गेलो. टीव्ही किरकोळ, मोबाईल चार्जर नगण्य, एलईडी दिवे सगळे मिळून एका पंख्याएवढेही नाहीत. कूलर १९० वॅट. तो दिवसाला चौदा तास चालतो, वर्षाला शंभर दिवस. हिशेब करा : २६६ युनिट. आयुष्यभर ज्यासाठी ओरडा खाल्ला ते 'खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद कर' हे प्रकरण या आकड्यापुढे फुटकळ आहे. माझा या लेखात राग आहे तो यावरच. ऊर्जा बचतीचा उपदेश आपण चुकीच्या महिन्यात, चुकीच्या उपकरणाबद्दल, चुकीच्या माणसाला करतो.

चुकीच्या माणसाला, कारण तो कूलर मी बनवलेला नाही. तो बनवला आमच्याच भागातल्या एका कारागिराने. पत्रा वाकवून, आत बाजारातली स्वस्तात स्वस्त मोटर बसवून, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावून. विदर्भात दर गावात असे दोन-चार तरी कारागीर असतात. मी त्याला विचारलं, कमी वॅटची मोटर का नाही लावत? तो हसला. "भाऊ, लोकायले हवा पायजे. वॅट कोन इचारते?"

बरोबरच बोलला तो. फ्रिजवर ताऱ्यांची पट्टी असते. एसीवर असते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावरही ती सक्तीची झाली. पण गल्लीत पत्रा ठोकून बनलेल्या कूलरवर कोण पट्टी लावणार? दिल्लीत बसलेल्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या जगात कंपनी असते, मॉडेल नंबर असतो, प्रयोगशाळा असते. आमच्या कूलरला मॉडेल नंबर नाही. विदर्भातल्या उन्हाळ्याचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र कुठल्याच योजनेच्या नजरेत बसत नाही.

आता गावाच्या नकाशाकडे बघा. गडचांदूरला लागून माणिकगड सिमेंट, पुढे आवारपूर, उपरवाही, नारंडा. कोरपना तालुक्याच्या पोटातली चुनखडी निघते आणि सिमेंट होऊन देशभर जाते. जिल्ह्याच्या ठिकाणी २,९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. म्हणजे वीज, कोळसा, सिमेंट, धूळ हे सगळं आमच्याकडे आहे.

या कारखान्यांच्या भिंतीच्या आत ऊर्जेचा हिशेब फार काटेकोर असतो, हे मुद्दाम सांगतो. २०१२ पासून 'परफॉर्म, अचिव्ह अँड ट्रेड' नावाची योजना लागू झाली. पहिल्या फेरीत आठ उद्योग होते, सिमेंट आणि औष्णिक वीज दोन्ही त्यात. एक टन माल काढायला किती ऊर्जा लागली ते मोजायचं, ती ठरलेल्या प्रमाणात कमी करायची, जास्त कमी केली तर प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं, नाही जमलं तर विकत घ्यावं लागतं. कायदा, लेखापरीक्षक, बाजार, सगळं आहे. भिंतीच्या बाहेर, शंभर मीटरवर, टिनाच्या छपराखाली राहणाऱ्या बाईसाठी काय आहे? शपथ आणि रांगोळी.

'लोकांमध्ये जागृती नाही' हे वाक्य ऐकलं की म्हणूनच माझं डोकं तापतं. एलईडीचं काय झालं ते आठवा. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती, ती २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. काही राज्यांत तर बल्बचे पैसे दरमहा दहा रुपयांनी वीजबिलातूनच फेडायची सोय होती. दोन वर्षांत भारतीय माणूस अचानक जागृत झाला का? नाही. कुणीतरी एकत्र मागणी जमवली, मोठी ऑर्डर दिली, किंमत पडली, आणि माणसाने स्वस्त आणि चांगली वस्तू घेतली. जागृती वगैरे नंतर आली असेल.

असं काही व्हायच्या आधी कुणीतरी बरीच वर्षं कंटाळवाणं काम करत बसलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा सरकारही नसतं आणि कंपनीही नसते. महाराष्ट्रात ते नाव आहे पुण्याच्या 'प्रयास'चं. १९९५ मध्ये, एन्रॉनच्या वादात सगळे घोषणा देत असताना, गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे हे करारातले आकडे मांडत होते. महागडं नवं केंद्र उभारण्यापेक्षा कमी विजेत तेच काम करणं स्वस्त पडतं, हे राज्याच्या पातळीवर हिशेबाने दाखवणारे हे लोक. पुढे अतिकार्यक्षम पंख्यांसाठी उत्पादकांना थेट प्रोत्साहन द्यावं, म्हणजे ग्राहकाला ते स्वस्त पडतील, ही कल्पना त्यांनी लावून धरली आणि केंद्राने ती कार्यक्रमात घेतली. संत २०१२ मध्ये गेले. पंख्यावर सक्तीची पट्टी यायला त्यानंतर अकरा वर्षं लागली. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. आमच्याकडे पंखा आठ महिने रोज पंधरा तास फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे वर्षाला १६० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तरी तेराशे रुपये. पंख्यांच्या किमतीतला फरक वर्षभरात वसूल.

याच संस्थेने २००७ मध्ये घरांमध्ये यंत्रं बसवून वीज कधी जाते, व्होल्टेज किती मिळतं ते मोजायला आणि आकडे सगळ्यांसाठी खुले करायला सुरुवात केली. आमच्या धंद्यात याला लॉगिंग म्हणतात. त्याच्याशिवाय कुठलाही बग सापडत नाही. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीची सुनावणी होते तेव्हा ग्राहकांच्या बाजूने बोलायला अधिकृत प्रतिनिधी म्हणून मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांबरोबर प्रयासही उभी असते. आणि आपण व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो टाकून 'लुटालूट' लिहितो.

पण पुण्याची संस्था गडचांदूरच्या कूलरपर्यंत पोचू शकत नाही. पोचावं अशी अपेक्षाही चुकीची. इथे लागते ती इथली संस्था, जिला कूलरवाल्याचं नाव माहीत आहे, जिला कुठल्या वस्तीत दुपारी लहान मुलं ओट्याखाली झोपवतात ते माहीत आहे. तिच्यासोबत महावितरण, आयटीआय, बचत गट आणि पैसा.

पैसा कुठून, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. तर ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात एक ना-नफा न्यास आहे. कायद्यानेच तो ना-नफा आहे. नाव जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती करून कलम ९ब आलं. खाणीमुळे बाधित माणसांच्या हितासाठी प्रत्येक जिल्ह्यात असा न्यास हवा. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम तिथे भरावी लागते, लिलावाने मिळालेल्या नव्या पट्ट्यांना १० टक्के. कोळसाही आला, चुनखडीही आली. आणि त्या पैशाच्या वापराची जी केंद्रीय योजना आहे, तिच्या इतर प्राधान्याच्या यादीत चक्क 'ऊर्जा' हा शब्द आहे.

त्या शब्दाचा आपल्याकडे अर्थ काय घेतला जातो? खांब. चौकात उंच खांब, त्यावर दिवे. किंवा सौर पथदिवा, ज्याच्या खाली नेत्याच्या नावाची पाटी दिव्यापेक्षा जास्त चमकते. ऊर्जा म्हणजे काहीतरी नवं उभारणं, ज्याचं उद्घाटन होऊ शकतं. न वापरलेल्या युनिटची फीत कशी कापणार?

कंपन्यांच्या सीएसआरचं दुखणं वेगळं नाही. कायदा सांगतो नफ्याच्या दोन टक्के खर्च करा, जवळच्या भागाला प्राधान्य द्या. माझ्या मामाच्या गावात एका कंपनीने सौर कंदील वाटले होते. दुसऱ्या वर्षी बॅटऱ्या गेल्या. बॅटरी कुठे मिळते, कोण बदलून देतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. मामीने कंदिलाच्या काचेत लोणच्याचे मसाले ठेवले. वाटप झालं, फोटो झाला, अहवालात 'लाभार्थी' झाले. भागीदारी मात्र झाली नाही, कारण दुसऱ्या वर्षी परत येणारा कुणी नव्हता.

माझे पुण्यातले मित्र म्हणतात, आता छतावर सोलर लाव, विषय संपव. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, चांगलंच आहे. पण ज्याचं छत स्वतःचं नाही, ज्याचं टिनाचं आहे, जो भाड्याने राहतो, त्याचं काय? आणि १९० वॅटच्या भंगार मोटरला चालवायला छतावर जादा पॅनल लावणं म्हणजे गळक्या बादलीसाठी मोठा नळ बसवणं. आधी गळती बुजवा.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : 'एनजीओ म्हणजे दुकानं.' काही आहेतच, नाकारत नाही. पण ज्यांनी इथल्या मातीत काम केलं त्यांच्याकडेही बघा. वर्ध्याचं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र १९७६ पासून आहे, देवेंद्र कुमारांनी उभं केलेलं. कुंभाराकडून शंकूसारख्या मातीच्या कुंड्या करून घ्यायच्या, त्या एकात एक अडकवून कमान करायची, आणि लाकूड-लोखंडाशिवाय छप्पर उभं करायचं, ही त्यांची पद्धत. ताडोब्याच्या बफरमधल्या गावांमध्ये ग्राम परिस्थितीकीय विकास समित्यांच्या मार्फत अनुदानावर गॅस जोडण्या दिल्या गेल्या, कारण सरपणासाठी जंगलात गेलेली बाई वाघाच्या तोंडी जाते. इथे चूल हा जिवाचा प्रश्न आहे. ही व्यवस्था परिपूर्ण नाही. सिलिंडर संपला की दुसऱ्याचे पैसे नसतात, आणि बाई पुन्हा जंगलाकडे निघते. पण निदान गावात समिती आहे, यादी आहे, विचारायला एक दार आहे. कूलरसाठी असं दार कुठेच नाही.

अमेरिकेतल्या व्हरमॉन्ट राज्याची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आसपास. चंद्रपूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत बावीस लाख. त्या चिमुकल्या राज्यात २००० सालापासून घरं आणि दुकानांची वीजबचत एका ना-नफा संस्थेकडे सोपवली आहे. प्रत्येक बिलात एक छोटा आकार असतो, त्यातून तिचा खर्च निघतो, आणि किती युनिट खरोखर वाचले याचा तिला हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे हे अशक्य नाही. महाराष्ट्राच्या नियामक आयोगाने २०१० मध्येच मागणी-बाजू व्यवस्थापनाचे नियम केले. वीज कंपनीने ग्राहकाच्या घरात बचतीचे कार्यक्रम राबवावेत, त्याचा खर्च दरात धरता येईल. नियम आहे, न्यास आहे, आयटीआयमध्ये मोटर भरायला शिकणारी पोरं आहेत. यांना एका टेबलावर बसवणारं कुणी नाही.

कूलरचंच घ्या. जिल्ह्यातल्या कारागिरांची एकत्र मागणी जमवून कमी वॅटच्या मोटरी ठोक भावात आणल्या, फरकाची रक्कम खनिज न्यासाने उचलली किंवा बिलातून हप्त्याने फेडली, आयटीआयच्या पोरांनी दर मोटर मोजून पत्र्यावर वॅट रंगवले. १९० चे ९५ झाले तरी एका कूलरमागे उन्हाळ्यात १३३ युनिट. एका युनिटला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे एका कूलरमागे शंभर किलो कोळसा, ज्याची राख आमच्याच नाकात जाते. मूलच्या भातगिरण्यांत आणि गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत चार-चारदा भरलेल्या मोटरी फिरतात, त्यांचंही हेच. दुकानदाराला उपदेश नको असतो. मोटर जळाली त्या दिवशी, दुपारच्या आत, चांगली मोटर हप्त्यावर देणारा माणूस हवा असतो. उशीर झाला तर तो जुनीच भरून घेतो, कारण गिऱ्हाईक पिठाचा डबा घेऊन उभं असतं.

आणि छप्पर. आमच्या सीमेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरण आणलं. (जिवतीतल्या त्या चौदा गावांना दोन्ही राज्यांचे लाभ मिळतात म्हणे, छप्पर कुठल्या राज्याचं निवडतील बघू.) उन्हाळ्याआधी छतावर पांढरा थर, ऊन परत जातं, खाली खोली काही अंशांनी थंड राहते, कूलर उशिरा सुरू होतो. साधा चुना मारला तरी फरक पडतो. चुना! ज्या तालुक्यातली चुनखडी खणून अर्ध्या देशाची घरं उभी राहिली, त्या तालुक्यातल्या घरकुलांच्या छतावर मी अजून तो मारलेला पाहिला नाही.

खनिज न्यासाने आपल्या बैठकांची इतिवृत्तं, कामांची आणि लाभार्थ्यांची यादी वेबसाईटवर टाकावी असा केंद्राच्या योजनेचा नियम आहे. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर कामांना ग्रामसभेची मान्यता लागते. तुम्ही हा लेख ज्या फोनवर वाचताय त्याच फोनवर यादी शोधा आणि त्यात 'ऊर्जा' या शब्दापुढे काय लिहिलंय ते वाचा. मग पुढच्या ग्रामसभेत किंवा नगर परिषदेत एकच प्रश्न लेखी द्या : खांबावर किती खर्च झाला आणि छपरावर किती?

मी कारागिराला विचारून ठेवलंय. चांगली मोटर ठोक भावात मिळाली तर या हंगामात वीस कूलर तशा बनवायला तो तयार आहे. वॅट रंगवायलाही तयार आहे. त्याची अट एकच : मोटर बिघडली तर बदलून कोण देणार, त्याचं नाव आधी सांगा.