शिवडीच्या बुरुजावरून समुद्र दिसत राहिला पाहिजे

पावसाळा सरत आला की लालबाग-परळची तरुण मंडळी पाठीवर सॅक टाकून रात्रीची कसारा किंवा कर्जत लोकल पकडतात. कुणी हरिश्चंद्रगडाला जातं, कुणी राजमाचीला. हे वेड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि ते टिकावं. मात्र याच मंडळींच्या घरापासून चालत जाता येईल असा एक किल्ला आहे आणि तिथे त्यांच्यापैकी फारच थोडे गेलेले असतात. हार्बर लाइनच्या शिवडी स्टेशनला पूर्वेकडे उतरायचं, गोदामांच्या आणि ट्रकच्या रांगांमधून वाट काढायची आणि छोटा चढ चढायचा. दमछाक होण्याआधीच काळ्या दगडाचा दरवाजा समोर येतो.

दरवाजातून आत शिरल्यावर लहानसं अंगण लागतं. पुढचा दरवाजा मात्र समोर दिसत नाही. त्यासाठी काटकोनात वळावं लागतं. चालून आलेल्या शत्रूचा जोर त्या वळणावर मोडावा, ही त्यामागची युक्ती. आत घुमटी छताचा लांब बोळ आहे, एक पंचकोनी दालन आहे. तटावर गेलं की खाली थेट कडा तुटतो, आणि पलीकडे खाजण, तिवरांची हिरवी पट्टी, खाडी, ट्रॉम्बेची टेकडी, माहुलच्या तेलाच्या टाक्या, घारापुरी आणि अटल सेतू एका नजरेत येतात. १६८० साली इथे चौकी बसवणाऱ्यांना हीच नजर हवी होती.

ही चौकी जंजिऱ्याच्या सिद्दीच्या धाकाने उभी राहिली, असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण ती बांधणाऱ्या इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला त्या वर्षी धाक एकट्या सिद्दीचा नव्हता. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तट बांधायला घेतला. इंग्रजांनी गलबतं पाठवली, लढाया झाल्या, तरी खांदेरीला रसद पोहोचतच राहिली. १६८० च्या जानेवारीत इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली. शिवाय सिद्दीचं आरमार पावसाळ्यात माझगावला येऊन थांबायचं. म्हणजे एक सत्ता बंदराच्या तोंडाशी आणि दुसरी घरात, अशी कंपनीची गत होती. शिवडीची चौकी बांधली गेली ती या कोंडीत. मराठी वाचकाने हा किल्ला परक्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये, तो यासाठी. खांदेरीच्या पराक्रमाचा पडसाद इथल्या दगडांत आहे.

चौकी बांधूनही इंग्रजांची अब्रू वाचली नाही. कंपनीचा लंडनमधला सूत्रधार सर जोसाया चाइल्ड आणि मुंबईचा गव्हर्नर जॉन चाइल्ड यांनी मोगलांची कळ काढली. १६८९ मध्ये मोगलांच्या बाजूने सिद्दी याकूतखानाची फौज रात्रीच्या वेळी शिवडीलाच उतरली. माझगावचा किल्ला सोडून इंग्रज इतक्या घाईने पळाले, की पैशाच्या पेट्याही मागे राहिल्या. पुढे औरंगजेबाची माफी मागून आणि दीड लाख रुपये भरून १६९० च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली. माझगावचा तो किल्ला सिद्दीने जाता जाता उद्ध्वस्त केला. आज त्या टेकडीवर काका बॅप्टिस्टांच्या नावाची बाग आहे.

शिवडीचा किल्ला उरला. पुढे त्यात कैदी ठेवले गेले, मग पोर्ट ट्रस्टचं गोदाम झालं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याच्या पायथ्याची गोष्ट. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला. गोद्या, रूळ आणि शेड वाढत गेल्या आणि पूर्व किनारा भिंतीआड गेला. गिरगावकराला चौपाटी मिळाली, दादरकराला शिवाजी पार्कामागची वाळू मिळाली. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला मात्र सर्वांत जवळचा समुद्र कधीच मोकळेपणाने भेटला नाही. त्याने विणलेलं कापड त्या धक्क्यांवरून जगभर गेलं, पण त्याला संध्याकाळी पोरांना घेऊन बसायला तिथे जागा नव्हती. हा अन्याय होता आणि तो अजून पुरता दूर झालेला नाही.

आता बंदराच्या सुमारे १,८०० एकर जमिनीचं काय करायचं, याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते परळने पाहिलं आहे. चिमण्या गेल्या, टॉवर आले, आकाशही तुकड्यांत दिसू लागलं. शिवडीच्या पायथ्याशी तेच झालं तर किल्ल्याचा तट शाबूत राहील, संरक्षित स्मारकाची पाटी राहील, पण तटावरून समोरच्या इमारतींच्या खिडक्याच दिसतील. टेहळणीची जागा जतन करायची, तर तिच्यासमोरचं पाणीही जतन करावं लागतं. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथल्या चिखलात शेवाळ टिपायला येणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही ते लागू आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला. शिवडीचं खाजण त्याच्या हद्दीबाहेर राहिलं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात खांदेरी आहे. सरकारने याच निमित्ताने शिवडीकडे पाहावं. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत चालता येईल असा सावलीचा रस्ता करावा. तटावर खांदेरीची दिशा आणि १६७९ ची हकीकत सांगणारा मराठी फलक लावावा. आणि बंदराच्या जमिनीचा आराखडा मंजूर करण्याआधी तटापासून खाडीपर्यंतच्या पट्ट्यात इमारतींच्या उंचीवर कायद्याने मर्यादा घालावी. यातलं शेवटचं काम सर्वांत आधी व्हायला हवं, कारण रस्ता आणि फलक दहा वर्षांनीही करता येतील.